सागोतीची झोरी

शिकारीचा इतिहास बंदूकवाल्यांनी लिहिलेला आहे. नोकरीनिमित्त नागपुरात राहत असताना मध्य प्रांताच्या जंगलांवर साहेब लोकांनी लिहिलेली पुस्तके मी मिळतील तशी वाचून काढली. कॅप्टन फोरसिथचे 'हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' १८७१ साली निघाले, स्टर्नडेलचे 'सिवनी' १८७७ साली आणि डनबार ब्रँडरचे वन्य प्राण्यांवरचे पुस्तक १९२३ साली. माणसे अभ्यासू होती, यात शंका नाही. वाघ नाकापासून शेपटाच्या टोकापर्यंत किती भरला, सांबराचे शिंग किती इंच, गोळी कुठे बसली, हे त्यांनी मोजूनमापून लिहून ठेवले. परंतु जनावर पडल्यावर ऐन उन्हात त्याचे मांस चार-पाच कोसांवरच्या मुक्कामापर्यंत कोणी नेले, कशात बांधून नेले आणि ते सडले कसे नाही, हा प्रश्न त्यांना फारसा पडलेला दिसत नाही. तिथे 'कुली' हा एक शब्द येतो आणि विषय संपतो.

या 'कुली' शब्दात माझा आजा येतो. त्याच्या खांद्यावरच्या कावडीला जी कापडी थैली लोंबकळत असे, ती माझ्या आजीने शिवलेली होती. या लेखाचा विषय ती थैली आहे. विषय क्षुल्लक वाटेल, काहींना लाजिरवाणाही वाटेल. मलाही पुष्कळ वर्षे तो तसाच वाटला. म्हणूनच तो आज लिहिणे मला आवश्यक वाटते.

माझे गाव एकोडी, भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात. या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. धानाची शेते, जागोजाग तळी, आणि पलीकडे नागझिऱ्याचे जंगल. तळी बांधण्याचे कसब कोहळी समाजाचे, माती वाहणारे हात सगळ्या गरिबांचे, आणि तळे मात्र मालगुजाराचे. इथल्या झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो, त्यामुळे झोळीची झोरी होते. मांसाला घरात सागोती म्हणत. म्हणून ती थैली म्हणजे सागोतीची झोरी.

मी ती प्रथम पाहिली तेव्हा तिच्यात सागोती नव्हती. १९६२-६३ चा सुमार असेल, मी प्राथमिक शाळेत होतो. झोरी आढ्याला टांगलेली होती आणि तिच्यात लाखोरीचे बी होते. बियाण्याच्या इतर थैल्या चौकोनी होत्या. हिचे कोपरे मात्र गोल होते, आणि तोंडाशी नाडीखेरीज आणखी तीन बंद होते. बियाण्याला तीन बंद कशाला, म्हणून मी आजीला विचारले. आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पोरा, हे बियाची नोहोय. हे तुह्या आज्याच्या बेगारीची झोरी होय." त्या रात्रीपासून पुढे कित्येक वर्षे, तुकड्यातुकड्यांनी, मला हा इतिहास मिळत गेला. काही आजीकडून, काही बाबांकडून. कोणत्याही दप्तरात तो नाही.

मालगुजारी अमलात धानाची कापणी झाली की शिकारीचे दिवस सुरू होत. मालगुजाराकडे पाहुणे येत. कधी तहसीलदार, कधी पोलिसांतला कोणी मोठा अंमलदार, कधी गोरा साहेब. आदल्या रात्री गावात निरोप फिरे आणि पहाटे घरटी एक माणूस हाक्याला जाई. हाका म्हणजे जंगलाच्या एका अंगाने रांगेत चालत, डबे बडवत, आरडाओरडा करत जनावरांना मचाणाकडे रेटायचे. मजुरीचा प्रश्नच नव्हता. ती बेगार होती. गावात असलेली उतरंड जंगलातही जशीच्या तशी चाले. माग काढायला गोंड, कारण जंगल त्याला ठाऊक. पाणी द्यायला ढिवर, कारण त्याच्या हातचे पाणी वरच्या जातींना चाले. मेलेले जनावर सोलायला, कापायला आणि वाहायला महार. जंगलात कुठे वाडा नव्हता, विहीर नव्हती, देऊळ नव्हते. तरी जात होती.

जनावर पडले की खरे काम सुरू होई. चितळाचा मोठा नर ७०-८० किलोच्या घरात भरतो. आतडी, कातडे, डोके, खूर काढले तरी निम्म्याच्या आसपास सागोती उरते. ती वाड्यापर्यंत चांगल्या स्थितीत पोचवायची. भंडाऱ्याचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे त्यांना हे काम काय आहे ते सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. नुकत्याच मारलेल्या जनावराचे मांस स्वतःच ३८-३९ अंशांवर असते. ५ अंशांपासून ६० अंशांपर्यंतच्या उष्णतेत मांसातले जंतू झपाट्याने वाढतात. परिस्थिती त्यांना मानवली तर दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. निळी-हिरवी माशी रक्ताचा वास लागताच येते, ओल्या मांसावर अंडी घालते, आणि गरम हवेत एका दिवसाच्या आत त्या अंड्यांतून अळ्या निघतात. म्हणजे मांसाला तीन शत्रू: आतली ऊब, वरची ओल आणि माशी. आजीला जंतूंचे गणित ठाऊक नव्हते. पण तिचा नियम असा होता: "मासी नोको, पानी नोको, आन् कोंडलेली हवा नोको." आजच्या पाठ्यपुस्तकात याहून वेगळे काही सांगितलेले नाही.

या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे कठीण आहे. माशी रोखायची तर मांस घट्ट गुंडाळावे लागते. घट्ट गुंडाळले तर हवा कोंडते, ऊब बाहेर पडत नाही आणि मांस आतून हाडाशी आंबते. उघडे ठेवले तर वारा लागून वरचा पापुद्रा वाळतो, जो मांसाचे रक्षणच करतो. पण तोवर माशी येऊन गेलेली असते. हा पेच कापडाने सुटतो, आणि तोही विशिष्ट कापडाने, विशिष्ट पद्धतीने शिवले तरच.

आजीची कृती मला जशी आठवते तशी देतो. कापड सुती, जाडेभरडे, बिनरंगाचे. रंगीत कापडाचा रंग रक्ताने सुटतो आणि सागोतीला लागतो. कोरे कापड वापरायचे नाही, कारण त्यात खळ असते आणि खळीचे कापड ओल शोषत नाही. चार-सहा महिने वापरून, धुऊन नरम झालेले घ्यायचे. पण विरलेले नको. पारख अशी, की कापड डोळ्यांपुढे धरले तर उजेड दिसावा, माणूस दिसू नये. एवढी वीण असली म्हणजे हवा जाते आणि माशी अडते. चितळाच्या मागच्या फऱ्यासाठी दीड हात लांब आणि एक हात रुंद झोरी. सागोतीपेक्षा ती सगळीकडून वीतभर मोठी असलीच पाहिजे, कारण कापड मांसाला चिकटले की माशी बाहेर बसूनही विणीतून अंडी आत सोडते. शिवण आतून, काठ दोनदा मुडपून, दोरा दुहेरी. तळाचे कोपरे गोल, कारण चौकोनी कोपऱ्यात रस साचतो, वाळतो, कुजतो आणि पुढच्या खेपेला मुंग्यांना वाट दाखवतो. तोंडाला नाडी आणि अंबाडीच्या दोरीचे तीन बंद. तीन अशासाठी की झोरी फांदीला टांगली तर ती फिरू नये, एका अंगाला कलू नये.

धुण्याचीही रीत होती. रक्ताचे कापड आधी थंड पाण्यातच धुवायचे. ऊन पाण्यात घातले की रक्त धाग्यात बसते आणि मग काही केल्या निघत नाही. रक्त गेल्यावर चुलीतल्या राखेच्या पाण्यात उकळायचे, कडक उन्हात वाळवायचे आणि कडुनिंबाचा पाला घालून टांगून ठेवायचे. ओली झोरी घडी करून ठेवली तर सून असो की लेक, आजी बोलल्याशिवाय राहत नसे.

आजाचे काम जंगलात. पोट लगेच फाडून आतडी काढायची, म्हणजे मोठी ऊब निघून जाते. आतून पाण्याने धुवायचे नाही. कोरड्या पाल्याने पुसायचे. काळीज वगैरे ओले भाग पळसाच्या पानांत निराळे बांधायचे, झोरीत घालायचे नाहीत. फरे निरनिराळ्या झोऱ्यांत घालून मोहाच्या किंवा तशाच दाट झाडाच्या सावलीत, वाऱ्याच्या बाजूला टांगायचे आणि अंगची ऊब जाईपर्यंत थांबायचे. मग कावडीला लावून निघायचे. पाठीवर घ्यायचे नाही, कारण माणसाच्या पाठीची ऊब आणि घाम सागोतीला लागतो. रात्र जंगलातच पडली तर झोऱ्या टांगून खाली ओलसर काडीकचऱ्याचा धूर करायचा. हे सगळे आजाने कोणत्या शाळेत शिकले? त्याला अक्षर येत नव्हते. पण माशीचे, वाऱ्याचे, कापडाचे आणि उन्हाचे त्याचे ज्ञान तपासून पाहिले तर एका जागीही चुकत नाही.

आता त्या कापडाबद्दल. नागपूर-भंडाऱ्याकडचा महार हा नुसता गावकामगार नव्हता, तो विणकरही होता. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातीजमातींवरचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. त्यातही महारांचा हा धंदा नोंदलेला आहे. रेशीमकाठी, तलम कापड कोष्ट्यांचे आणि जाडेभरडे, टिकाऊ कापड महारांचे, अशी ती वाटणी होती. शेतात राबणाऱ्या माणसाच्या अंगावर महाराने विणलेलेच कापड असे. आजीच्या माहेरी तिच्या लहानपणी माग होता. झोरीचे पहिले कापड तिच्या बापाने विणलेले होते, असे ती अभिमानाने सांगे.

तो माग पुढे मोडला. १८७७ च्या आरंभी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, हळूहळू गिरणीचे सूत आणि मग गिरणीचे कापड गावोगाव आले. मागावरची माणसे काही नागपूरच्या गिरण्यांत गेली, काही शेतमजूर झाली, आणि भंडारा-गोंदिया भागात बिडीचा धंदा वाढला तशी बायकापोरे बिड्या वळू लागली. आजीनेही वळल्या. इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे आणि महाराच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. विणाई खात्यात मजुरी जास्त होती. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या माग होते, त्यांनाच मागाला शिवू दिले जात नव्हते, आणि तेही कामगारांच्या एकजुटीच्या घोषणा चालू असताना.

पुन्हा एकोडीकडे येतो. झोरी वाड्यावर पोचे तेव्हा काय होई ते बाबांनी सांगितलेले आहे. ते दहा-बारा वर्षांचे असताना आजाबरोबर कावड घेऊन गेले होते. मागच्या अंगणात झोऱ्या खाली ठेवायच्या आणि दूर व्हायचे. मग वाड्यातला ढिवर गडी येई, झोऱ्यांवर पाणी शिंपडे, नाड्या सोडून सागोती काढून घेई आणि रिकाम्या झोऱ्या अंगणाबाहेर फेकी. आजाने जनावर सोलले होते, कापले होते, दिवसभर वाहिले होते. कापड त्याच्या सासऱ्याने विणलेले, शिवण त्याच्या बायकोची. त्या सगळ्या प्रवासात सागोती विटाळली नव्हती. अंगणात पोचल्यावर मात्र चार थेंब पाण्याची गरज पडली. पाणी न लागू देता दिवसभर जपून आणलेल्या सागोतीवर शेवटी पाणीच पडे, याचा आजाला राग येई. अपमानाचा राग त्याने कधी बोलून दाखवला नाही. पण कामाची माती होते हा राग तो उघड बोले.

आणि आमचा वाटा? डोके, पाय, आतडी, कधी मानेचा तुकडा. तो पळसाच्या पानांत बांधून घरी येई. आजीच्या झोरीतली सागोती आजीच्या चुलीवर कधी शिजली नाही. हे वाक्य तिने मला एकदाच ऐकवले, पण ते माझ्या कायमचे लक्षात राहिले आहे.

इथे एक फरक स्पष्ट करणे भाग आहे, नाहीतर माझ्या लिहिण्याचा उलटा अर्थ काढणारे निघतील. हाक्यातली सागोती वेगळी आणि मेलेल्या ढोरांचे मांस वेगळे. दुसऱ्या प्रकारात गावगाड्याने आपल्या माथी मारलेले काम होते आणि त्या कामाची 'मजुरी' म्हणून ते मांस होते. मराठवाड्यात त्याच्या वाळवलेल्या तुकड्यांना चान्या म्हणत. उन्हात, दोरीवर, पट्ट्या कापून त्या वाळवाव्या लागत. भुकेने शिकवलेली तीही एक विद्याच होती. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद झाली तेव्हा मृतमांस सोडा, शिळ्यापाक्या तुकड्यांवर जगणे सोडा, असे बाबासाहेबांनी बजावून सांगितले. पुढे १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यतेच्या उगमाशी गोमांसभक्षणाचा संबंध कसा आहे याची त्यांनी मीमांसा केली. त्याआधीच आमच्या बाजूला किसन फागूजी बनसोडांसारख्यांनी शिक्षणाचे आणि सुधारणेचे काम सुरू केलेले होते. हा विचार वस्तीवस्तीत पोचला, आणि लोकांनी पोटाला चिमटा घेऊन तो पाळला. या त्यागाची किंमत ज्यांच्या पोटात रोज अन्न होते त्यांना कळणार नाही.

आजाने मृतमांस सोडले ते जातीच्या बैठकीत ठराव झाला तेव्हा. पण हाक्याची बेगार सोडणे त्याहून अवघड होते, कारण तिथे समोर मालगुजार होता. चाळीशीच्या दशकात एका हिवाळ्यात आजाने नाही म्हणून निरोप पाठवला. त्या वर्षी आमच्या गाईला तळ्याच्या पाळीवर चरू दिले नाही आणि कापणीच्या कामाला घरातल्या कोणाला बोलावले नाही. आजी म्हणे, त्या वर्षी आम्ही मोहफुले उकडून खाल्ली, पण झोरी आढ्यालाच राहिली.

पुढे काळ बदलला. मध्य प्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. ३१ मार्च १९५१ पासून तो अमलात आला. १९५४ च्या मे महिन्यात भंडारा लोकसभेच्या पोटनिवडणुकीला बाबासाहेब उभे राहिले. ते निवडून आले नाहीत. आमच्या वस्तीत त्या पराभवाचे दुःख घरातले माणूस गेल्यासारखे पाळले गेले. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. आजाआजी मिळेल त्या वाहनाने आणि उरलेली वाट पायी चालत नागपूरला गेले. वाटेच्या भाकरी बांधायला घरात धडके दुसरे कापड नव्हते. आजीने आढ्यावरची झोरी काढली, राखेच्या पाण्यात उकळली आणि तिच्यात भाकरी व चटणी बांधून घेतली. परत आल्यावर तिच्यात बी भरले. तिचे कोपरे गोल का, हे त्यानंतर माझ्यापर्यंत कोणी विचारले नाही.

शिकारही गेली. नागझिऱ्याला १९७० साली अभयारण्य झाले, १९७५ साली नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधन घातले आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलेसुरले परवानेही बंद केले. हे योग्यच झाले. चितळ-सांबर आज जंगलात दिसते ते या कायद्यांमुळे. झोऱ्या पुन्हा शिवा, असे मी कोणालाही सांगत नाही. पण एक गोष्ट नोंदवली पाहिजे. साहेब गेले, मालगुजार गेले, आणि त्यांच्या शिकारीला कौशल्याचे, धाडसाचे नाव मिळून गेले. ज्या गोंडाने माग काढला त्याला जंगलातून उठवले जाते तेव्हा तो चोर ठरतो. ज्या पारध्याचे जगणेच शिकारीवर होते, त्याच्या जातीला साहेबांच्याच राज्यात १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा लागला, तो १९५२ पर्यंत हटला नाही. आणि शिक्का तर अजून पुसला गेलेला नाही. एकाच जंगलात एकाची शिकार खेळ ठरली आणि दुसऱ्याची गुन्हा.

काही वर्षांपूर्वी एका नातेवाइकाच्या मुलाने अमेरिकेतल्या एका दुकानाच्या मालाचे छापील पत्रक मला दाखवले. तिथे शिकार करणे कायदेशीर आहे आणि शिकाऱ्यांसाठी कापडी थैल्या मिळतात. हवा खेळणारे कापड, माशी न शिरेल अशी वीण, मांसापेक्षा मोठा आकार, दुहेरी शिवण, टांगायला बंद. वर सल्ला असा, की घरच्या घरी जुन्या सुती चादरीच्याही शिवता येतात. प्लास्टिक वापरू नका, त्यात मांसाला घाम येतो. वाचताना मला आजी समोर बसल्यासारखी वाटली. त्याच अमेरिकेत तिथल्या मूळ रहिवाशांनी वाळवलेले मांस ठेवायला कच्च्या कातड्याच्या चित्रविचित्र घड्या बनवल्या. फ्रेंच व्यापाऱ्यांनी त्यांना 'पारफ्लेश' म्हटले. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले क्वेचुआ लोक वाळल्या मांसाला 'चार्की' म्हणत. त्यावरूनच इंग्रजीत 'जर्की' आले. त्या लोकांची जमीन गेली, जनावरे गेली, हाल झाले. पण त्यांच्या पारफ्लेश निदान संग्रहालयात काचेमागे आहेत आणि त्या कोणत्या जमातीने केल्या ते खाली लिहिलेले आहे. आमच्या नागपूरचा अजब बंगला १८६३ सालचा. तिथे पेंढा भरलेली जनावरे मी पाहिली आहेत. त्यांना वाहून आणणाऱ्याची झोरी मी तिथे पाहिली नाही.

मग एकोडीची झोरी कुठे आहे? याचे उत्तर मला द्यावे लागेल. १९७८ साली आम्ही जुने घर पाडून विटांचे बांधले. आजी चार वर्षांपूर्वीच गेली होती. मी तेव्हा नोकरीवर होतो. जुने सामान काय करायचे, असे बाबांनी पत्राने विचारले. मी उत्तर पाठवले, "चिंध्या-चांध्या सगळ्या जाळून टाका, नव्या घरात जुने काही नको." त्यात झोरी गेली. ती कोणी मालगुजाराने जाळली नाही. शिकल्यासवरल्या नातवाने, शेजारच्या सवर्ण सहकाऱ्यांना आपल्या घरात काय टांगलेले असे हे कळू नये म्हणून, जाळायला लावली. पत्रात मी तसे लिहिले नव्हते. पण कारण तेच होते, हे आज वयाच्या या टप्प्यावर कबूल करायला हरकत नाही.

चळवळीतल्या एका जुन्या मित्राला मी या लेखाचा विषय सांगितला तेव्हा तो रागावला. म्हणाला, "ज्या घाणीतून बाबासाहेबांनी बाहेर काढले ती पुन्हा कशाला उकरतोस? त्यांना हसायला कारण कशाला देतोस?" त्याच्या रागाला अर्थ आहे. आपल्या ताटाकडे बोट दाखवून आपल्याला हिणवणारे अजून आहेत. परंतु मला वाटते, सोडणे आणि विसरणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आजाने बेगार सोडली, ती काय आहे हे पुरते ओळखून सोडली. विसरून सोडली असती तर तिला नकार म्हणता आला नसता. आपण विसरलो तर आपल्या नातवंडांना एवढेच कळेल की आपले पूर्वज घाणीत राहत होते आणि कोणीतरी त्यांना बाहेर काढले. घाण करणारे कोण, आणि त्या घाणीतही स्वच्छता सांभाळणारे कोण, हे त्यांना कळणार नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्यापिण्याची उघड नोंद केली, तेव्हा अनेकांनी दबक्या आवाजात सांगितले की हे आमच्याही घरचे आहे. लाज ज्यांनी वाटायला हवी त्यांनी ती आपल्याकडे सोपवली होती. ती परत करण्याची ही एक रीत आहे.

सारे बाजूला ठेवून एकच गोष्ट पाहा. ज्यांना हजारो वर्षे अस्वच्छ म्हटले, त्यांच्याच हातात मांस स्वच्छ राखण्याचे शास्त्र होते. वाड्यातल्या ताटात जे पडे ते सडके नसे, याचे श्रेय पाणी शिंपडणाऱ्या हाताला नव्हते. ते राखेच्या पाण्यात झोरी उकळणाऱ्या बाईला होते. अस्पृश्यतेच्या समर्थनासाठी आजही कोणी स्वच्छतेचा मुद्दा काढला, तर त्याला ग्रंथातल्या वचनांनी उत्तर देण्याआधी ही झोरी दाखवावी, असे मला फार वाटते. पण दाखवायला ती नाही.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. झाडीपट्टीत, वऱ्हाडात, मराठवाड्यात, कुठल्याही बौद्ध, मातंग, चर्मकार, गोंड, पारधी वस्तीत जुने घर पाडायला काढाल तेव्हा आढ्याला काय टांगले आहे ते आधी खाली काढून पाहा. घरात ऐंशीच्या पुढची बाई असेल तर ते कशाचे आहे, कोणी शिवले, कोणासाठी शिवले, एवढे तिला विचारा आणि लिहून ठेवा. तारीख घाला, गावाचे नाव घाला. मी माझ्यापुरते लिहिले: एकोडी, तालुका साकोली, दीड हात लांब, एक हात रुंद, तळाला गोल कोपरे, तोंडाला तीन बंद. गेल्या वर्षी मी जुन्या धोतराची तशी एक झोरी शिवून पाहिली. शिवण वाकडी आली. ती सध्या माझ्या घरी, बैठकीच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी टांगलेली आहे. तिच्यात लाखोरीचे बी आहे.